कबड्डीत लचकलेला गुडघा, अकरा महिने आणि दोन बाटल्या

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातनं १९ वर्षांची मुलगी वडिलांच्या मोटरसायकलवर बसून माझ्याकडे आली. उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, टाच टेकत नव्हती, आईच्या खांद्याचा आधार घेऊन पायाच्या बोटांवर लंगडत केबिनमध्ये शिरली. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, पण आजार कसा वाढला आणि आपण डॉक्टर लोक त्यात कुठे कुठे चुकलो ते सगळं लिहितोय, कारण सांध्याच्या टीबीची अशी केस वर्षातनं एखादी तरी येतेच आणि जवळजवळ दरवेळी उशिरा येते.

हिस्टरी अशी. मार्च २०२३ मध्ये मॅचमध्ये पडली, गुडघा मुरगळला. चार-पाच दिवसांत चालायला लागली. महिन्याभराने त्याच गुडघ्याला सूज यायला लागली, फार दुखायचं नाही, फक्त जड वाटायचं. आधी गावात लेप आणि पट्टी झाली, मग तालुक्याला एक्स-रे, तो नॉर्मल. दुखण्याच्या गोळ्या, क्रेप बँडेज. जुलैमध्ये एका ठिकाणी गुडघ्यातलं पाणी काढलं आणि टाकून दिलं. ऑगस्टमध्ये परत काढलं, परत टाकून दिलं आणि वर स्टिरॉइडचं इंजेक्शन गुडघ्यात दिलं. त्याने तीन आठवडे इतकं छान वाटलं की पोरगी परत प्रॅक्टिसला गेली, आणि मग सूज आली ती आधीच्या दुप्पट. एमआरआय झाला, त्यात सायनोव्हियम (सांध्याचं आतलं अस्तर) सुजलंय आणि मेनिस्कसला (गुडघ्यातल्या गादीला) बारीक चीर आहे असं आलं. घरच्यांनी "चीर" हा एकच शब्द धरून ठेवला. मध्ये दहा दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक झालं, "इन्फेक्शन असेल तर जाईल" म्हणून. नंतर वाताच्या टेस्ट, सगळ्या निगेटिव्ह.

आता हे सगळं एका कागदावर ओळीने लिहून काढलं की निदान समोर दिसतं, पण अकरा महिन्यांत हे एका कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं, प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा बघितला. आणि मी पण पहिल्या पाच मिनिटांत फाईलमधला एमआरआय बघून मेनिस्कसच्याच दिशेने विचार करत होतो, ते खोटं कशाला सांगू.

वळण आईच्या एका वाक्याने आलं. ती म्हणाली, "दिवसा एवढं नाही हो डॉक्टर, पण रात्री झोपेत दचकून ओरडते, मग पाय धरून बसते." हे वाक्य ऐकलं की ऑर्थोपेडिक डॉक्टरने पेन खाली ठेवून नीट ऐकायला पाहिजे. दिवसा सांध्याभोवतीचे स्नायू आखडून सांधा घट्ट धरून ठेवतात, त्याला हलू देत नाहीत. गाढ झोप लागली की स्नायू सैल पडतात, मग सुजलेले, खरवडलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि माणूस किंचाळून उठतो. सांध्याच्या टीबीत हे जुन्या काळापासून माहितीये. मेनिस्कसच्या चिरेने असं होत नाही.

मग कपडे बाजूला करून नीट तपासलं. गुडघा गोल, फुगीर, वाटीच्या वरचा खळगा भरलेला. हात लावला तर कोमट, तापलेला नाही. दाबलं तर पाण्यासारखं नुसतं हलत नव्हतं, भिजवलेल्या कणकेसारखं लिबलिबीत लागत होतं, म्हणजे आत पाणी आहेच पण अस्तर पण जाड झालंय. मांडी टेपने मोजली, वाटीच्या १५ सेंटीमीटर वर, डाव्या मांडीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर बारीक. गुडघा २० अंशात आखडलेला, तिथून ९० पर्यंत वाकायचा. जांघेत दोन गाठी. वजन ४३, आणि कॉलेजच्या कबड्डीच्या फॉर्मवर वर्षापूर्वी ४९ लिहिलेलं. ताप "नाही" म्हणाली, खोकला नाही.

घरात कुणाला टीबी झालाय का विचारलं तर वडील लगेच "नाही". आईने मान खाली घातली. वडील एक्स-रेचे पैसे भरायला बाहेर गेले तेव्हा सांगितलं की चुलते भिवंडीला लूमवर होते, चार वर्षांपूर्वी आजारी होऊन गावी आले, सहा महिने "छातीच्या गोळ्या" खाल्ल्या, आणि ते याच घरात याच खोलीत होते. हाडाचा टीबी आकाशातून पडत नाही. जंतू बहुतेक वेळा श्वासातूनच शरीरात जातो, फुफ्फुसात किंवा गाठीत गपचूप राहतो आणि रक्तातून हाडात किंवा सांध्याच्या अस्तरात जाऊन बसतो, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी जागा होतो. त्यामुळे छातीचा एक्स-रे स्वच्छ असला (हिचा स्वच्छच होता) म्हणून सांध्याचा टीबी नाही असं अजिबात म्हणता येत नाही. आणि मारामुळे टीबी होतो का? मार लागल्यामुळे त्या गुडघ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं एवढंच बहुतेक वेळा खरं असतं. तरुण खेळाडूच्या गुडघ्याला सूज म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात लिगामेंट येतं.

नवीन एक्स-रे दोन्ही गुडघ्यांचे एकाच फिल्मवर काढले. हे मी नेहमी करतो, कारण एकटा गुडघा बघून हाड विरळ झालंय की नाही ते सांगणं अवघड, शेजारी चांगला गुडघा असला की डोळ्याला लगेच फरक दिसतो. उजवीकडचं हाड सांध्याभोवती धुरकट, विरळ झालेलं, टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) कडेला दोन बारीक कुरतडल्यासारखे खड्डे, आणि सांध्यातली फट मात्र जवळजवळ शाबूत. विरळ हाड, कडेचे खड्डे आणि हळूहळू कमी होणारी फट, या तीन गोष्टींना फेमिस्टरची त्रयी म्हणतात. साध्या पू झालेल्या सांध्यात फट काही दिवसांत संपते, टीबीत कूर्चा बराच काळ तग धरते, आणि तेवढ्या काळात आपण पोहोचलो तर सांधा वाचतो. हिची फट शाबूत होती हीच त्या दिवसाची सगळ्यात चांगली बातमी होती.

ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ६२, शुगर आणि एचआयव्ही ठीक. फाईलमध्ये एक "टीबी गोल्ड" पॉझिटिव्हचा रिपोर्ट पण होता, कुणीतरी केलेला, आणि त्यावर कुणी काहीच केलं नव्हतं. एका अर्थी बरोबरच, कारण ती टेस्ट एवढंच सांगते की शरीराची या जंतूशी ओळख झालीय, आणि आपल्या देशात साधारण तिघांतल्या एका मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरं असतं. मोन्टूचं (हातावर टोचून करायच्या टेस्टचं) पण तेच. आणि रक्तातल्या टीबीच्या अँटिबॉडी टेस्टवर तर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातलीय. रक्तावरून सांध्याच्या टीबीचं निदान होत नाही, हे पेशंटलाही कळायला पाहिजे, कारण हजारो रुपये त्यात जातात.

पहिल्या दिवशी गुडघ्यातलं पाणी काढलं, ३५ मिली, पिवळट गढूळ. या वेळी टाकलं नाही, पेशी, कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी मशीनची टेस्ट) सगळ्याला पाठवलं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं. इथे बरेच जण थांबतात. घरच्यांना हायसं वाटतं आणि डॉक्टरलाही वाटतं की चला नसेल. पण सांध्याच्या टीबीत जंतूच मुळात फार थोडे असतात, फुफ्फुसाच्या पोकळीत असतात तसे कोटीने नसतात, आणि जे असतात ते पाण्यापेक्षा अस्तरात जास्त. म्हणून पाणी निगेटिव्ह आलं तर पुढची पायरी म्हणजे तुकडा. "टीबीच्या गोळ्या चालू करून बघू, फरक पडला तर टीबी" हा रस्ता मला मान्य नाही. ज्याला आपण वर्षभर गोळ्या देणार, त्याच्या जंतूवर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालतंय की नाही हे माहीत नसताना देणं म्हणजे एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) असेल तर सहा महिने वाया आणि सांधा गेला. जिथे तुकडा काढणं खरंच शक्य नाही तिथे गोष्ट वेगळी, गुडघ्याला ते शक्य आहे.

बायोप्सीच्या आधी दोन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको म्हणून बजावून ठेवलं. लिव्होफ्लॉक्सासिन हे स्वतःच टीबीवरचं औषध आहे, ते दहा दिवस दिलं की जंतू मरत नाही, नुसता दबतो, आणि कल्चर खोटं निगेटिव्ह यायची शक्यता वाढते. निदान झालेलं नसलेल्या सुजलेल्या सांध्यावर हे औषध सहज लिहून देऊ नये, एवढी कळकळीची विनंती सगळ्या जनरल प्रॅक्टिशनर मित्रांना आहे.

आता दोन बाटल्यांची गोष्ट. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून गुडघ्यात शिरलो तर आत अस्तर जाड, लालसर-करडं, शेवाळासारखं पसरलेलं, आणि धुवून बाहेर आले ते पांढरे दाणे, तांदळाच्या कण्यांसारखे. अशा कण्या वाताच्या सांध्यातही सापडतात, पण हिच्या वाताच्या टेस्ट निगेटिव्ह होत्या. वेगवेगळ्या जागेवरून सहा तुकडे घेतले, त्यातले दोन खड्ड्याच्या कडेचे. सिस्टरने सवयीने फॉर्मालिनची बाटली पुढे केली. मी थांबवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका पेशंटचे, हाताच्या कोपराच्या केसमध्ये, सगळेच्या सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये गेले होते. फॉर्मालिन पेशी टिकवतं आणि जंतू मारतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट टीबीसारखा आला, पण कल्चर होऊ शकलं नाही, औषध कुठलं चालेल ते कळलं नाही, आणि त्या आजींना परत भूल देऊन परत तुकडा घ्यावा लागला. ती चूक माझी होती, बाटल्या ऑपरेशनच्या आधी मी बघायला पाहिजे होत्या. तेव्हापासून ऑपरेशन थिएटरात ट्रॉलीवर दोन बाटल्या आधीच लेबल लावून ठेवलेल्या असतात, एक फॉर्मालिनची पॅथॉलॉजीला, दुसरी निर्जंतुक साध्या सलाईनची, सीबीनॅट आणि कल्चरला. सलाईनची बाटली त्याच दिवशी लॅबला पोहोचायला पाहिजे, फ्रीजवर पडून राहता कामा नये. खर्च काय, एका बाटलीचा.

सीबीनॅट मशीनला लागतात दोन तास, आमच्या हातात रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स नाही. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा, लँगहान्स पेशी आणि मधोमध चीजसारखं मेलेलं टिश्यू, म्हणजे टीबीच्याच खुणा. कल्चर चोविसाव्या दिवशी पॉझिटिव्ह आलं आणि त्यावरच्या एलपीए टेस्टमध्ये आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषधही चालतंय हे कळलं. पाणी निगेटिव्ह, तुकडा पॉझिटिव्ह, एकाच गुडघ्यातनं, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टर, पोरीचं लग्न बघायचंय पुढल्या वर्षी, तेवढं कागदावर टीबी नका लिहू." मी म्हटलं, "अप्पा, नाव नोंदवावंच लागतं, २०१२ पासून तसा नियम आहे, प्रायव्हेट डॉक्टरलाही. पण ते गावात कुणाला वाचून दाखवत नाहीत. नोंद झाली की गोळ्या फुकट, सगळ्या तपासण्या फुकट, आणि हिच्या खात्यावर खुराकाचे पैसे येतात." तेव्हा निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आणि हेही सांगितलं की नुसता सांध्याचा टीबी असेल, फुफ्फुसात नसेल, तर तो शेजारी बसून, एका ताटात जेवून कुणाला लागत नाही. आईने तोपर्यंत मुलीचं ताट-तांब्या वेगळा केला होता, तो त्या दिवशी परत एकत्र झाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र केली, कारण हिला कुणाकडून तरी आला होता.

औषधं: वजन ४३ म्हणजे ३५ ते ४९ च्या गटात, चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन, एकदम, दोन महिने. त्यानंतर पायराझिनामाइड बंद, बाकी तीन औषधं चालू. फुफ्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात, हाडा-सांध्याला आपल्याकडच्या गाईडलाईननुसार किमान १२ महिने, गरज पडली तर १८ पर्यंत. सोबत पायरिडॉक्सिन, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. लघवी नारिंगी होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर पेशंट रक्त समजून घाबरतात आणि गोळ्या सोडतात. यातलं इथॅम्बुटॉल डोळ्यांना त्रास देऊ शकतं आणि इथे ते वर्षभर जातं, म्हणून डोळे सुरुवातीला आणि मग दर दोन महिन्यांनी तपासले, लाल-हिरवा रंग नीट ओळखते का ते बघायला. हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं होतं गुडघ्याला कसं ठेवायचं. प्रत्येक ऑर्थो वॉर्डात जो थॉमस स्प्लिंट (पाय सरळ धरून ठेवणारी चौकट) टांगलेला असतो तो लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने एकोणिसाव्या शतकात मुळात गुडघ्याच्या टीबीसाठीच बनवला होता, औषधच नव्हतं तेव्हा सांध्याला महिनोन्महिने पूर्ण विश्रांती हाच इलाज, आणि शेवटी सांधा जाम होऊन बरा व्हायचा. आता औषध आहे, तर जाम सांधा हे ध्येय ठेवायचं कारण नाही. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी मणक्याच्या टीबीत जो मधला मार्ग दाखवला, म्हणजे सगळ्यांना औषध आणि ऑपरेशन फक्त ज्याला खरंच लागेल त्याला, तोच विचार सांध्यालाही लागू होतो. हिला पहिले दोन आठवडे ॲडमिट करून त्वचेवरच्या पट्टीने वजन लावून ट्रॅक्शन दिलं, पलंगाच्या पायाखाली विटा. त्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, पृष्ठभाग एकमेकांपासून किंचित लांब राहतात आणि गुडघा हळूहळू सरळ होतो. तो तसाच वाकडा सोडला तर टिबिया मागे सरकते आणि बाहेर फिरते, मग ते दुरुस्त करणं फार अवघड. पाचव्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली. आई सकाळी राउंडला हे सांगताना रडली.

मग घरी: रात्री स्प्लिंट, दिवसा जागेपणी दर तासाला पाच मिनिटं गुडघा वाकवणं-सरळ करणं, दुखेल तिथे थांबायचं, मांडीचे स्नायू आवळायचे व्यायाम, आणि तीन महिने पायावर वजन अजिबात नाही, कुबड्या. तीन महिन्यांनी थोडं वजन, सहा महिन्यांनी पूर्ण. १९ वर्षांच्या खेळाडू पोरीला कुबड्या म्हणजे शिक्षाच. तिने वहीत रोजचे व्यायाम लिहून ठेवले, टिक करून, पेज पेज भरलेत.

सहाव्या आठवड्यात वडिलांचा फोन, घाबरलेला आवाज, "डॉक्टर, आता दोन्ही घोटे आणि खांदे पण दुखायला लागले, टीबी सगळीकडे पसरला." दुसऱ्याच दिवशी बोलावलं. घोट्यांना थोडी सूज, उजवा गुडघा मात्र आधीपेक्षा चांगला. युरिक ॲसिड ९.८. हे पायराझिनामाइडचं काम, ते युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही आणि सांधे दुखतात. सांध्याच्या टीबीच्या पेशंटला हे झालं की घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरलाही वाटतं औषध लागू पडत नाहीये, आणि कुणीतरी गोळ्या बंद करतं किंवा सेकंड लाइन (रेझिस्टन्ट टीबीची औषधं) लावतं. हिला फक्त दुखण्याची साधी गोळी दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, टीबीची एकही गोळी बंद केली नाही. दोन महिने संपून पायराझिनामाइड थांबलं आणि घोटे आपोआप शांत झाले.

त्याच सुमाराला, मार्च-एप्रिल २०२४ मध्ये, टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा चालू होता आणि आम्ही नेमके तीन औषधांच्या टप्प्यात जात होतो. आठ दिवसांचा स्टॉक हातात असताना मिळेल की नाही कळेना. आशाताईंनी दोन ठिकाणी चौकशी करून एकेका आठवड्याच्या गोळ्या आणल्या, काही वडिलांनी शहरातल्या मेडिकलमधून सुट्या घेतल्या, सुट्या औषधांचा डोस मी वजनावरून काढून दिला. एकही दिवस चुकला नाही. या केसमध्ये सगळ्यात जास्त काळजी मला त्या तीन आठवड्यांत वाटली, ऑपरेशनच्या दिवशी नाही.

सहाव्या महिन्यात वजन ४८, ईएसआर २२, एक्स-रेत हाड परत दाट होत चाललेलं, खड्ड्यांच्या कडा रेखीव. बाराव्या महिन्यात ईएसआर १४, दुखणं शून्य, पण अस्तर हाताला अजून थोडं जाड लागत होतं आणि एमआरआयमध्येही थोडा भाग उजळत होता. सांध्याच्या टीबीत "बरा झाला" असं छापून देणारी एकही टेस्ट नाही, आणि एमआरआय तर बरं झाल्यावरही कित्येक महिने पूर्ण स्वच्छ होत नाही, नुसत्या एमआरआयकडे बघून औषध वाढवत बसलो तर थांबणारच नाही. पण इथे हाताला लागणारं जाडपण आणि स्टिरॉइडचं जुनं इंजेक्शन, दोन्ही मिळून मी तीन महिने वाढवले. मे २०२५ मध्ये १५ महिन्यांनी गोळ्या बंद केल्या. बाराव्या महिन्यालाच थांबवलं असतं तर चुकलं असतं असं मी म्हणणार नाही, पण हा गुडघा आधीच अकरा महिने वाट बघत बसला होता, तीन महिने जास्तीचे मला चालतील असं वाटलं.

औषध थांबल्यावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं ठरलंय, कारण परत उलटलाच तर बहुधा त्या काळात उलटतो. शेवटच्या तपासणीला गुडघा पूर्ण सरळ होत होता आणि १२५ अंशांपर्यंत वाकत होता, मांडीतला फरक एक सेंटीमीटरवर आला होता. मांडी घालून बसते, जिना नीट चढते. कबड्डीत रेड टाकायला मी अजून परवानगी दिलेली नाही आणि ते तिला आवडलेलं नाही, स्पष्ट बोलून दाखवते. उकिडवं बसताना उजवी टाच अजून जमिनीपासून उचलते, त्यासाठी वहीत नवीन व्यायाम लिहून दिलाय, पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची.